शेळीचे ठिपके

"ताई, आता खांबाला शेळ्या बांधू का? का परत वरडशील?" सोमीने फोनवर विचारलं तेव्हा मितालीचा उजवा हात माउसवर होता आणि पडद्यावर एक चौकट अर्धी ओढून झाली होती. शुक्रवार, दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं. खाली एसटी स्टँडसमोर रिक्षावाले ओरडत होते, म्हणून तिने फोन खांद्याने कानाशी घट्ट दाबला. सोमी बोरटेपची. शिरढोणच्या पुढे फाट्यावरून आत गेलं की डोंगराच्या उतारावर एकोणीस घरांची कातकरी वाडी आहे, ती बोरटेप. वाडीच्या वरच्या अंगाला मार्चमध्ये मितालीने स्वतः उभं राहून एक लोखंडी खांब पुरून घेतला होता. खांबाच्या माथ्यावर डबी, डबीत झुकाव मोजणारं यंत्र. दर दहा मिनिटांनी त्याचा एक आकडा पनवेलच्या या दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात येई आणि पडद्यावर त्याचा एक ठिपका होई. डोंगर सरकू लागला तर खांब कलेल, ठिपके चढतील आणि वाडीला वेळेत खाली आणता येईल, एवढंच त्या खांबाचं काम होतं. सोमीचं घर खांबाच्या सगळ्यात जवळ. तिच्या शेळ्या सात आणि खांब भक्कम. त्यामुळे शेळ्या कुठे बांधायच्या हा प्रश्न सोमीपुरता मार्चमध्येच मिटला होता.

"नको बांधूस, किती वेळा सांगितलं," मिताली सवयीने म्हणाली. "आत्ताही बांधल्याच असशील."

"आत्ता कुठं? मी शाळंतच हाय अजून. शेळ्या पण इथंच होत्या. बारा दिस झाले, मास्तर डोकं खातो, लेंड्या झाड, लेंड्या झाड. आज सकाळी कान्हा घेऊन गेला त्यांना वर. आमी बाकीचे जेवून तीनला निघतो. म्हणून म्हटलं आधी इचारावं. तू लई वरडतीस."

"शेळ्या खाली होत्या?"

"मंग? वर कोण सांभाळणार, बिबट्या?" सोमी स्वतःच्याच बोलण्यावर हसली.

"सगळ्या?"

"सातच्या सात. का ग?"

मितालीने "करते फोन" म्हटलं आणि फोन ठेवला. तेव्हा तिच्या लक्षात आलं की उजव्या हाताचं बोट अजून माउसवर दाबलेलंच आहे. पडद्यावर फिकट निळी चौकट उघडी होती. आज सकाळी दहा चाळीसला चढलेले चार ठिपके तिच्यात आले होते. बोट उचललं की ते जाणार होते. हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं, कारण ते तसं तिनेच लिहिलं होतं. तिने श्वास धरून बाण हळूहळू मागे आणला, चौकट जिथून सुरू झाली होती त्या कोपऱ्यापर्यंत. चौकट आक्रसत गेली, रेघ झाली, नाहीशी झाली. मग तिने बोट उचललं. ठिपके जागेवर राहिले. पडद्याच्या पाच बिंदूंपेक्षा लहान चौकट ही चौकट नव्हे, हाताचा थरकाप आहे असं समजून सोडून द्यावी, हाही नियम तिचाच. त्या नियमावर तिने जूनमध्ये एक अख्खा दिवस घालवला होता. चौकट कुणी उजवीकडून डावीकडे ओढली तर, खालून वर ओढली तर, ओढता ओढता हात आलेखाच्या बाहेर गेला आणि तिथेच बोट सोडलं तर, अशा हाताच्या जेवढ्या चुका तिला सुचल्या तेवढ्यांची सोय तिने केली होती. दाबणं, ओढणं, सोडणं. तीन घटना. प्रत्येकीच्या वेळी यंत्राने काय करायचं ते तिने एकेका ओळीत सांगून ठेवलं होतं.

जूनमध्ये हे सगळं करावं लागलं ते सोमीच्या सर्जा नावाच्या बोकडामुळे. चौदा तारखेला सकाळी साडेअकराला ठिपके एकदम दोन अंशांच्या वर चढले. दोन अंश म्हणजे वाडी खाली आणा, हा तक्ता मितालीनेच भिंतीवर चिकटवला होता. तिने फोन केले. एकोणीस घरं गाठोडी, पोरं, कोंबड्या घेऊन खाली आली. एका म्हातारीला चौघांनी चादरीच्या झोळीतून आणलं. पेरणीचे दिवस, त्या दिवशीची सगळ्यांची मजुरी बुडाली. फाट्यावरच्या चिंचेखाली तीन तास सगळे उभे राहिले आणि मिताली आणि शैलेश वर गेले, तर सर्जा दोरीने खांबाला चार वेढे घालून मागच्या दोन पायांवर उभा होता आणि करंजाची पानं खात होता. खाली येऊन त्यांनी ते सांगितलं. मग सोमी हसली. "शेळीनं डोंगर पाडला!" ती म्हणाली, आणि मग सगळी चिंच हसायला लागली. तहसील कचेरीतही ते दोन दिवसांत पोचलं. परतताना गाडीत शैलेश शांतपणे म्हणाला होता, "मिताली, मला स्वच्छ रेघ पाहिजे. बकरी आणि डोंगर यातला फरक आपल्याला कळत नसेल तर दुकान बंद केलेलं बरं." शैलेश ऑफिसचा मालक. तो ओरडत नाही. त्याने ओरडायला हवं होतं असं तिला तेव्हा वाटलं, कारण त्या हसण्यापेक्षा ते सोपं गेलं असतं. ते हसणं तिच्या कानाच्या पाळ्यांमध्ये आठवडाभर गरम राहिलं होतं.

म्हणून चौकट. शेळीने खांब ओढला की आलेखावर एक उडी दिसते, तिच्याभोवती माउसने चौकट ओढायची, आतले ठिपके काढून टाकायचे. ओढ संपली तरी खांब पूर्वीच्या जागी नेमका येत नाही, थोडा तिरका राहतो. म्हणून चौकटीनंतरची सगळी रेघ थोडी उतरवून आधीच्या रेघेला जोडायची. तेही आपोआप. सुरुवातीला बोट उचलल्यावर पडदा विचारी, हे ठिपके काढायचे का? हो, नाही. शेळ्या सात, दिवस लांब. कधी कधी दिवसात चाळीस वेळा हो म्हणावं लागे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी तिने तो प्रश्नच काढून टाकला. सोडणं म्हणजेच हो. शेजारच्या टेबलावरची रिया, नवीन लागलेली, हात उडवून म्हणाली होती, "मॅम, सुटलो! आता बकरा एका झटक्यात." तेव्हापासून ऑफिसात त्यांना शेळीचे ठिपके म्हणत. सकाळी चहाबरोबर मिताली शेळीचे ठिपके काढी. हात ते करी. डोकं खारघरच्या घराच्या बंद पडलेल्या लिफ्टचा, वडिलांच्या, आप्पांच्या गोळ्यांचा, कशाचाही विचार करत असे.

माणसं जुलैच्या शेवटच्या रविवारी खाली आणली, हे तिला माहीत होतं. अतिवृष्टीचा इशारा होता, कचेरीने सगळ्यांना शाळेत हलवलं, सोमवारी सकाळी तिने वर्तमानपत्रात वाचलंही होतं. आणि त्याच सोमवारी तिने चहाबरोबर दोन चौकटी ओढल्या होत्या. दोन्ही गोष्टी तिच्याकडे होत्या. त्या एकमेकींना कधी भेटल्या नाहीत. शेळ्या वर राहिल्या असतील असं तिने गृहीत धरलं होतं असंही म्हणता येत नव्हतं. तिने काहीच धरलं नव्हतं. उडी दिसली, हात गेला. बुधवारी शैलेशने ती रेघ पत्राला जोडून कचेरीत दिली: दहा दिवसांत झुकाव शून्य पूर्णांक दोन अंश, हालचाल नगण्य. पाऊस चार दिवस उघडला होता, सोमवारपासून शाळा भरायची होती. रेघ आडवी होती. कुणीही परतच पाठवलं असतं.

चौकटींची नोंद यंत्रात राहत होती. प्रत्येक चौकटीचे चार आकडे, वेळ आणि ओढणाऱ्याचं आद्याक्षर. तिने जुलैच्या त्या रविवारनंतरच्या चौकटी बाजूला काढल्या. अकरा. आद्याक्षराचा रकाना उघडण्याआधी तिचं बोट थांबलं आणि तिला कळलं की आपण रियाचा 'र' दिसावा अशी इच्छा करतो आहोत. रिया समोरच डबा उघडत होती, झाकण निघत नव्हतं म्हणून ते टेबलावर आपटत होती. इच्छा अगदी स्पष्ट होती, तहानेसारखी. अकराही ठिकाणी 'म' होता. तिने पहिली चौकट रद्द केली. ठिपके परत आले आणि त्यांच्यानंतरची अख्खी रेघ थोडी वर सरकली. दुसरी रद्द केली. तिसरी. शेळीची उडी सुळक्यासारखी असते, चढते आणि बरीचशी उतरते. या चढत होत्या आणि चढलेल्याच राहत होत्या, पायऱ्यांसारख्या. पहिल्या पायऱ्या लहान आणि एकमेकींपासून लांब होत्या, शेवटच्या चार मोठ्या, आणि त्यांतल्या दोन कालच्या. पाऊस थांबल्यावरच्या. अकरावी चौकट निघाली तेव्हा रेघ दोन पूर्णांक सहा अंशांवर होती. बारा चाळीस झाले होते.

"मॅम, जेवत नाही?" रियाने विचारलं.

"तू घे."

शक्यता दोन होत्या आणि तिला दोन्ही दिसत होत्या. डोंगर सरकतो आहे. किंवा चार महिने सात शेळ्यांनी ओढून ओढून खांबाचा पाया हलला आहे, माती भिजली आहे आणि नुसता खांब एकटाच कलतो आहे, डोंगराला त्याचा पत्ता नाही. दुसरी शक्यता वाईट नव्हती. ती खरी निघाली तर आज तीन वाजता सगळे वर जातील, सोमी शेळ्या खांबाला बांधेल आणि काही होणार नाही. काही झालं नाही, हे आप्पांचं वाक्य. आप्पा वीज मंडळात मीटर वाचत. लहानपणी शनिवारी ते तिला जुन्या पनवेलच्या गल्ल्यांतून बरोबर नेत. एका घरी कुत्रा फार वाईट होता, तिथे आप्पा फाटकापाशी उभे राहून, मागचा आकडा पाहून, अंदाजाने पुढचा लिहीत. तिने विचारलं होतं, चुकलं तर? आप्पा म्हणाले होते, सहा वर्षं लिहितोय, काही झालं नाही. ते खरं होतं. काहीच झालं नाही. आप्पा अब्रूनिशी निवृत्त झाले आणि आता खारघरला दहाव्या मजल्याच्या गॅलरीत बसून समोरच्या इमारतीचे मजले मोजतात. कुणी पकडलं असतं, एखाद्याने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं का, हे तिने त्यांना कधी विचारलं नाही. तिला एकदम वाटलं की आपण जे करतो ते सगळं त्या फाटकापाशी उभं राहून करतो.

तिने शैलेशला फोन लावला. तो अलिबागला होता. तिने चार वाक्यांत सांगितलं. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, तो कुठेतरी जेवत असावा.

"पत्र गेलंय, मिताली. माझ्या सहीने."

"हो सर."

"खांब सैल झाला असेल. चार महिने ओढतायत."

"असेल."

"म्हणजे तुला नक्की माहीत नाही."

"नाही."

"मग मी तहसीलदारांना काय सांगू? माहीत नाही म्हणून?" खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "ऐक. मी आत्ता निघतो. तीनपर्यंत पोचतो. दोघं बसून बघू, मग काय ते कळवू. तोवर वाडीला फोन नाही. जूनसारखं परत झालं ना, तर पुढच्या वेळी खरंच डोंगर आला तरी ते हलणार नाहीत. कळतंय?"

कळत होतं. त्याचं म्हणणं बरोबर होतं, हीच अडचण होती. ती "बरं" म्हणाली. अलिबागहून पनवेल दोन तास, वडखळला वाहतूक तुंबली तर अडीच. वाडीचे लोक तीनला निघणार. कान्हा, सोमीचा नवरा, आत्ताच वर होता. दहा मिनिटांनी नवा ठिपका आला, तसाच, दोन पूर्णांक सहावर. एक वाजून पाच मिनिटांनी तिने सोमीला फोन लावला. लावताना तिला भीती डोंगराची नव्हती, चिंचेखालच्या त्या हसण्याची होती, आणि हे तिला स्वच्छ दिसत होतं.

"सोमी, वर जाऊ नका."

"आता काय? सर्जा तर इकला आमी."

"माझी चूक झाली. तुम्ही शाळेत होतात तेव्हा खांब अकरा वेळा हलला. मी म्हटलं शेळी. आणि ते पुसून टाकलं."

"कोणाची शेळी?"

"तुझी."

"माझी शेळी इथं मास्तरची जास्वंद खात होती."

"हो."

"मंग इचारायचं ना," सोमी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. "नंबर हाय ना तुझ्याकडं. मी नाय का करत फोन, शेळ्यांसाठी?"

मागे शाळेत कुणीतरी पातेलं घासत होतं, एक लहान मूल रडत होतं.

"पडणार का डोंगर?" सोमीने विचारलं.

"नक्की माहीत नाही."

"जूनला तर नक्की होतं तुला."

"तेव्हा होतं. आज नाही."

मग सोमी वेगळ्याच आवाजात, जरा हळू, म्हणाली, "सकाळी कान्हा बोलला फोनवर. घराचं दार लागत नाय म्हणून. खालून घासतंय. मी म्हटलं पावसानं फुगलं असल, चार उन्हं पडली की बसल."

"दार लाकडाचं आहे?"

"नाय," सोमी म्हणाली. "पत्र्याचं."

ऑफिसातल्या पंख्याचा आवाज मितालीला पहिल्यांदाच ऐकू आला.

"त्याला फोन कर," ती म्हणाली. "आत्ता."

"घरापाशी लागत नाय. तो कातळावर येऊन करतो." मग सोमी कुणावर तरी ओरडली, गोदू, पोरांना धर, कोणाला जाऊ देऊ नको. मग पुन्हा फोनवर, धापा टाकत, बहुधा चालायलाच लागली होती, "मी आणते त्याला."

"तू जाऊ नकोस. सोमी, ऐक, तू नको."

"मंग कोण, तू?"

फोन बंद झाला. पुन्हा लावला तर लागला नाही. शाळेपासून वाडीपर्यंत चढ चाळीस मिनिटांचा, सोमीला तीस. एक वीसचा ठिपका आला. एक तीसचा. मितालीने कधी ठिपके असे एकेक पाहिले नव्हते. ती त्यांना घोळक्यात पाही, मुंग्यांसारखं. आता दोन ठिपक्यांमधली दहा मिनिटं मोकळी होती आणि त्यांत काहीही मावत होतं. आपण फोन केला नसता तर सोमी आत्ता शाळेच्या ओट्यावर बसून भात खात असती. फोन केला म्हणून ती चढते आहे. या दोन वाक्यांमध्ये कुठे उभं राहायचं ते तिला सापडेना. एक पन्नासचा ठिपका एकदम वर गेला, तीन पूर्णांक एक. आता वर खरोखरच शेळ्या होत्या. कान्हाने बांधल्या असतील. सोमी पोचली असेल, शेळ्या तिला पाहून ओढत असतील. किंवा नसतील. रिया मागे येऊन उभी राहिली होती. "मॅम, हे शेळीचं आहे ना?" तिने विचारलं. "सांगता येत नाही," मिताली म्हणाली, आणि हे वाक्य आपण चार महिन्यांत एकदाही उच्चारलं नाही असं तिच्या मनात आलं. दोन वाजता ठिपका दोन पूर्णांक आठवर उतरला आणि तिथे राहिला. सोडल्या असतील. किंवा.

दोन पंचावन्नला फोन वाजला. "आलो खाली," सोमी म्हणाली. तिला दम लागला होता. "दोघं पण. शेळ्या पाच. दोन वरच पळाल्या, हाताला नाय लागल्या."

"भेग वगैरे दिसली का कुठे? घराच्या मागे?"

"एवढं गवत हाय, काय दिसतंय. दार मी लावून बघितलं. नाय लागत." मग ती म्हणाली, "मास्तर इचारतो, किती दिवस आता?"

"सांगते. आज कुणी जाऊ नका."

"नाय जात," सोमी म्हणाली. त्यात विश्वास होता की थकवा, ते कळलं नाही.

शैलेश सव्वातीनला आला. त्याने चप्पल न काढता खुर्ची ओढली आणि पडद्याकडे पाहिलं. मितालीने अकराही चौकटी रेघेवर लाल रंगात उमटवून ठेवल्या होत्या, प्रत्येकीशेजारी तारीख, वेळ आणि 'म'. खाली कचेरीसाठी मजकूर लिहिला होता: बुधवारची रेघ चुकीची आहे, ही मूळ रेघ, कारण निश्चित नाही, वाडी वर पाठवू नये. त्याने तो दोनदा वाचला. फोन केलास ना, असं त्याने विचारलं नाही. तिच्या चेहऱ्यावरून त्याला ते कळलं असावं. तो गॅलरीत जाऊन तहसीलदारांशी बोलला. काचेतून त्याची पाठ दिसत होती, एक हात कठड्यावर, मान वारंवार खाली. आत आला तेव्हा त्याचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. "थांबवलंय," तो म्हणाला. "उद्या भूगर्भवाले येतील. लेखी द्यायचंय, तुझ्या नावाने." आणि मग, बसता बसता, जवळजवळ स्वतःशी, "आणि डोंगर उभाच राहिला तर?"

तीन तीसचा ठिपका आला. दोन पूर्णांक आठ. आता वर ना माणूस, ना बांधलेली शेळी. आता जे येईल ते खांबाचं किंवा डोंगराचं. तीन चाळीसचा ठिपका आधीच्यापेक्षा किंचित खाली होता. दोन पूर्णांक सात.

"उतरतंय," शैलेश म्हणाला. "खांबच असेल बघ, खांबच." त्याच्या आवाजात सुटका होती, आणि कुणाही शहाण्या माणसाला ती व्हायला हवी होती.

मितालीला वाईट वाटलं. ते इतकं लख्ख वाटलं की तिला आधी ते दुसऱ्या कशाचं तरी असेल असं वाटलं, भुकेचं, उन्हाचं. ती त्या वाटण्याकडे पाहत राहिली. डोंगरावर एकोणीस घरं होती, घासणारं एक दार, वर पळालेल्या दोन शेळ्या. आणि तिला ठिपका वर हवा होता. थोडासा, तिचा फोन खरा ठरेल एवढा. दहा मिनिटांनी पुढचा येणार होता. ती घड्याळ न पाहता बसून राहिली, आणि तो येईपर्यंत तिने स्वतःला दुसरं काहीही इच्छायला लावण्याचा प्रयत्न केला.